अंगावरून जास्त जात असेल तर कप घ्यावा का? मोठ्या मापाच्या मेन्स्ट्रुअल कपचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकू. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे योनीत बसवून रक्त साठवायची छोटी वाटी, जरूर घ्यावा, पण खोक्यावरचं ‘१२ तास बिनधास्त’ मनातून पुसून घ्यावा. दुसऱ्या दिवशी ज्यांचं मोठं पॅड दोन तासांत भिजतं, त्यांचा कपही तीन-चार तासांत काठाशी येतो. मग पैसे कशासाठी घालायचे? एक तर रक्ताच्या गाठी पडल्या तरी कप त्या झेलतो, पॅडला ते जमत नाही. शिवाय त्याच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. ‘खूप जातं हो डॉक्टर’ असं म्हटलं की ‘होतं असं या वयात’ ऐकून परत यावं लागतं. ‘दुसऱ्या दिवशी ११० मिली, तिसऱ्या दिवशी ९०’ असा कागद पुढे ठेवला की तपासण्या लिहून मिळतात. जास्त जाणाऱ्या बाईसाठी कपची खरी किंमत या रेघांत आहे.

परीक्षण आहे ते घंटेच्या आकाराच्या, सिलिकॉनच्या, ‘लार्ज’ लिहिलेल्या कपांचं. नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन ते साधारण २५० ते ५०० रुपयांत मिळतात. ब्रँडचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. या किमतीतल्या कपांत फरक पडतो तो किती मावतं, लांबी किती, कडकपणा किती आणि काठाखालची भोकं कशी आहेत यानं. हे चार मुद्दे बघता आले की नाव कुठलंही चालतं.

आधी किती मावतं ते बघू. स्मॉलमध्ये १५ ते २० मिली, मीडियममध्ये २० ते २५ आणि लार्जमध्ये २५ ते ३५ मिली असा सर्वसाधारण हिशेब आहे. मात्र खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा अगदी काठापर्यंतचा असतो. काठाच्या थोडं खाली हवा जाण्यासाठी बारीक भोकं असतात आणि पातळी तिथवर आली की गळती सुरू होते. म्हणजे ‘३० मिली’च्या कपात कामाचे २४-२५ मिली धरायचे. त्यातही गर्भपिशवीचं तोंड खाली असेल तर ते कपच्या आत उतरतं आणि तेवढी जागा खातं. कप बाहेर काढल्यावर अर्धाच भरलेला दिसतो आणि तरी कपड्याला डाग लागलेला असतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. घरी आणल्यावर औषधाच्या सिरिंजनं भोकापर्यंत पाणी भरून एकदा मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

पॅड, टॅम्पॉन (आत घालायचा कापसाचा बोळा), कप यांची क्षमता कंपन्या बहुधा पाण्यानं किंवा मिठाच्या पाण्यानं मोजतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी हीच मोजणी खऱ्या रक्तानं, म्हणजे रक्तपेढीतल्या लाल पेशी वापरून केली. कप, टॅम्पॉन आणि जाड पॅड साधारण २० ते ५० मिलीच्या पट्ट्यात आले. सगळ्यात जास्त, सरासरी ६१ मिली, मेन्स्ट्रुअल डिस्कमध्ये मावलं (ही कपसारखीच आत बसणारी पसरट वाटी, तिच्याबद्दल पुढे). धुऊन वापरायची पिरियड पँटी सगळ्यात मागे राहिली, जेमतेम २ मिली. त्या पँटीची जाहिरात बघून ‘दोन पॅडचं काम एकटी करते’ असा समज करून घेतला असेल तर तो सोडून द्या. जास्त जाणाऱ्यांसाठी ती फक्त कपच्या जोडीला, डाग अडवायला.

मोठं पॅड कागदावर कपएवढंच धरतं, तर ते फसतं कुठे? वेगात. पॅडच्या आतली पावडर द्रव शोषून जेल करते, पण त्याला वेळ लागतो. खुर्चीतून उठल्यावर सळकन एकदम येतं, ते वरच्या जाळीवरून मांडीकडे पळतं आणि पॅडचा मागचा अर्धा भाग कोरडाच राहतो. गाठ तर पावडरीत शिरतच नाही. ती वर बसून राहते, खालची जागा झाकते आणि पुढचं रक्त तिला वळसा घालून कडेनं बाहेर येतं. त्यामुळे डबल एक्सएलवरून ट्रिपल एक्सएलवर गेल्यानं रात्री झोपेत फायदा होतो, दिवसा चालता-बसताना फारसा नाही. कपला शोषायचं काहीच नसतं, येईल ते साठवायचं एवढंच काम. म्हणून वेग आणि गाठी या दोन्हींत तो सरस ठरतो.

आता माप. ‘तिशीच्या आत, बाळंतपण नाही तर स्मॉल, नॉर्मल बाळंतपण झालं असेल तर लार्ज’ हा खोक्यावरचा नियम अर्धवट आहे. जास्त जाणाऱ्यांनी आधी पिशवीचं तोंड किती उंचावर आहे ते बघावं, तेही पाळीच्याच दिवसांत, कारण त्या दिवसांत ते खाली येतं. हात स्वच्छ धुऊन उकिडवं बसायचं आणि तर्जनी हळू आत सरकवायची. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट, गोलसर काही लागेल, तेच पिशवीचं तोंड. पहिल्या पेरालाच लागलं तर ते खाली आहे, दुसऱ्या पेराला लागलं तर मध्यम, बोट पूर्ण गेलं तरी जेमतेम लागलं तर वर. खाली असेल तर लांबोडका कप घेऊ नका, तो बाहेर टोचत राहतो. रुंद आणि बुटका घ्या. त्यात माल तेवढाच मावतो, उंची कमी लागते. पिशवीत फायब्रॉइड (मांसल गाठ) असेल किंवा पिशवी खाली उतरलेली असेल तर ही तपासणी टाळूच नये. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप नकोच.

कडकपणा हा दुकानात न सांगितला जाणारा मुद्दा. मऊ कप घालताना बरा वाटतो, पण आत पूर्ण उघडत नाही आणि खोकला, शिंक, जड उचलणं यात पिचकून सांडतो. कडक कप चटकन उघडतो, पण लघवीच्या पिशवीवर दाबून सारखी लघवीची भावना आणू शकतो. बसून काम असेल तर मध्यम चालतो. भाजीच्या क्रेट उचलणं, व्यायामशाळा, शेतातलं काम असेल तर थोडा कडकच घ्यावा. बघायचं कसं? काठ दोन बोटांत दाबून सोडा. टक्कन गोल झाला तर कडक, आळस दिल्यासारखा उघडला तर मऊ. दुकानात सीलबंद खोकं उघडून देत नाहीत, ते योग्यच आहे. मग वर्णनात ‘फर्म’ की ‘सॉफ्ट’ लिहिलंय एवढं तरी वाचा.

घालण्याची पद्धत सगळीकडे चित्रासकट मिळते. इथे जास्त जाणाऱ्यांना उपयोगाचं तेवढंच. इंग्रजी सी अक्षरासारखी घडी जाड पडते. काठाचं एक टोक आत दाबून केलेली घडी टोकाला बारीक होते आणि आत सुटतेही चांगली. काठ ओला करायला साधं पाणी पुरतं. तेल, व्हॅसलीन, क्रीम काही लावायचं नाही. दिशा पोटाकडे सरळ वर ठेवू नका, माकडहाडाच्या रोखानं थोडी मागे ठेवा. आत गेल्यावर बुडाशी धरून हलकेच अर्धा फेरा फिरवा आणि बोट कडेनं गोल फिरवून बघा. कुठे खळगा लागला तर घडी उघडलेली नाही, आणि तो पंधरा मिनिटांत गळणार हे नक्की. आणखी एक: काठ पिशवीच्या तोंडाच्या बाजूला बसला असेल तर कप रिकामा आणि पॅड ओलं असा चमत्कार दिसतो. बोटानं चाचपून तोंड कपच्या वर आहे ना, याची खात्री करायची.

काढताना देठाला धरून ओढणं ही सगळ्यात मोठी चूक. देठ फक्त कप शोधण्यासाठी असतो. उकिडवं बसून खाली जोर दिला की कप खाली येतो, मग बूड चिमटीत धरून दाबायचं. कडेनं हवा शिरल्याचा बारीक आवाज येतो. तो आला की डावी-उजवीकडे किंचित हलवत, सरळ धरून काढायचा. दाब न सोडता ओढलं तर दुखतं, आणि तांबी बसवलेली असेल तर तीही ओढली जाऊ शकते. तांबीवाल्यांनी कप वापरण्याआधी धागा छोटा करून घ्यावा का, हे बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. तांबीनं पाळी वाढतेही, त्यामुळे जास्त जाण्याचं कारण तीच तर नाही ना, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. बाळंतपणानंतर सहा आठवडे मात्र कप नाही.

आपल्याकडचा बसका संडास कपसाठी उलट सोयीचा पडतो. उकिडवं बसल्यावर मार्ग आखूड होतो आणि कप बोटाच्या टप्प्यात येतो. अडचण असते पाण्याची आणि हात धुण्याची. सातपूर-अंबडच्या कारखान्यात आठ तासांची शिफ्ट, मध्ये जेवणाची सुट्टी आणि चहाचे ब्रेक, असा दिवस धरा. तासाला आठ मिली जात असेल तर २५ मिलीचा कप तीन तासांनी भरतो. म्हणजे घरून निघताना एकदा, मग चहाच्या नाहीतर जेवणाच्या सुट्टीत, असं घड्याळ लावून रिकामा करायचा, ‘भरल्यासारखं वाटेल तेव्हा’ नाही. कप भरल्याचं जाणवत नाही, गळल्यावरच कळतं. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्यांना तर जवळपास चार तास गाडीतच जातात आणि हलत्या डब्यातल्या संडासात कप काढणं हे कसबाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी प्रवास असेल तर स्टेशनवर पोचून गाडी सुटण्याआधी रिकामा करून घ्यावा आणि खाली मोठं पॅड लावावं.

बाहेर रिकामा करताना संडासात शिरण्यापूर्वी हात धुवा, आत पाण्याची छोटी बाटली न्या, कप ओतून बाटलीच्या पाण्यानं विसळा आणि परत घाला. पाणी नसेल तर कोऱ्या टिश्यूनं पुसून घातला तरी चालतो, पुढच्या वेळी नीट धुवायचा. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या छाटणी-थिनिंगला टोळीनं जाणाऱ्या बायकांना बागेत आडोसाही नसतो. फवारणीच्या औषधानं, पेस्टनं हात माखलेले असतात. त्या हातांनी कप काढणं बरोबर नाही. अशा दिवशी मोठं पॅड किंवा डिस्पोजेबल पँटीच (धुवायची नव्हे, पॅडसारखी वापरून टाकायची) बरी आणि कप घरी पोचल्यावर. कपचा आग्रह धरणारे हे सांगत नाहीत.

गाठींचं एक जास्तीचं काम असतं. काठाखालची भोकं बुजतात. भोकं बुजली की हवा जात नाही, दाब बिघडतो, काढताना ओढ बसते आणि पुढच्या वेळी कप नीट उघडत नाही. टाचणी, पिन यांनी खुपसू नका, भोक फाटतं. कप पाण्यानं गच्च भरायचा, तळवा तोंडावर घट्ट दाबायचा, उलटा धरून पिळायचा. भोकांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडतात आणि आतला चोथा बाहेर येतो. सगळ्या भोकांतून चिळकांडी आली म्हणजे साफ. मोरीत, अंगापासून लांब धरून करा, नाहीतर तोंडावर उडतं.

महिन्यातून एकदा, एक पाळी संपल्यावर पुढची सुरू होण्याआधी, पाच ते दहा मिनिटं उकळायचा. त्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवा. कप बुडाला चिकटला तर सिलिकॉन जळतं, म्हणून तो चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळण्यात ठेवून गाळणं पाण्यात बुडवायचं. गॅसवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. पाणी आटून कप जळल्याच्या तक्रारी वाचायला मिळतात त्या अशाच. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांमध्ये उकळल्यावर कपवर पांढरी, खरखरीत पुटं चढतात. ते क्षार असतात. नळाचं किंवा आरओचं पाणी वापरा. पुटं चढलीच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, मग साध्या पाण्यात परत उकळा. डेटॉल, सॅव्हलॉन, सुगंधी साबण, भांड्यांचं लिक्विड यातलं काहीही नको, आतून आग होते. ठेवायचा सुती पिशवीत. हवाबंद डब्यात ठेवला की कुबट वास धरतो.

खाली काहीतरी आधाराला लागतंच, निदान पहिल्या दोन-तीन पाळ्यांत. त्यासाठी महागडं डबल एक्सएल वाया घालवू नका. जनऔषधी केंद्रात सरकारी ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला एक मिळतं. एकट्यानं जास्त जाणाऱ्या दिवसाला ते पुरणार नाही, पण कपच्या खाली अगदी योग्य. कापडी पॅड असतील तर आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. आषाढ-श्रावणात ते वाळत नाहीत आणि दमट पॅड वापरणं म्हणजे खाजेला आमंत्रण. तेवढे दोन महिने त्यांना सुट्टी द्या.

रात्रीसाठी डिस्पोजेबल पँटी हा पैशाच्या मानानं चांगला माल आहे. एकीला ४०-५० रुपये जातात, पण मागून-पुढून सगळीकडे शोषण असल्यानं गादी वाचते. जास्त जाणाऱ्या दोन रात्री कप आणि वर ती पँटी, बाकी रात्री साधं पॅड, असं केलं तर महिन्याचा खर्च हाताबाहेर जात नाही.

डिस्कबद्दल थोडंच. ती पसरट वाटीसारखी, पिशवीच्या तोंडाखाली आडवी बसते आणि पुढची कड जांघेच्या हाडामागे अडकते. मावतं जास्त, तोंड खाली असलेल्यांना कपपेक्षा चांगली बसते. संडासला जोर दिला की थोडी आपोआप सांडते, हा कुणाला दोष वाटेल, काहींना सोय. काढताना हात भरतोच आणि नव्या माणसानं बाहेरच्या संडासात हा प्रयोग करू नये. नाशिकच्या साध्या मेडिकलमध्ये सहसा दिसत नाही, ऑनलाइनच मागवावी लागते.

आता रेघांकडे. प्रत्येक वेळी ओतण्याआधी कप सपाट धरून आकडा वाचा आणि मोबाइलमध्ये वेळेसह टिपा. पॅडवर गेलेलं त्यात येत नाही, म्हणून शेजारी ‘पॅड अर्धं’ असं लिहा. डॉक्टरी पुस्तकांत जास्त पाळीची जुनी मर्यादा आहे एका पाळीत ८० मिली रक्त. इथे घोटाळा होतो. कपमध्ये जमतं ते सगळं रक्त नसतं. निम्म्याच्या आसपास रक्त, बाकी अस्तराचे तुकडे आणि स्राव. त्यामुळे कपची बेरीज १०० आली म्हणून घाबरायचं कारण नाही. पाच दिवसांची बेरीज १६०च्या पुढे, तीही दर महिन्याला, तर मात्र दाखवायला हवं. कप न वापरणाऱ्या, विशेषतः शाळकरी मुलींसाठी, पॅडचा तक्ता असतो. जेमतेम डाग १ गुण, मध्यम भिजलं ५, पूर्ण भिजलं २०. छोटी गाठ १, मोठी ५. पाळीची बेरीज १०० किंवा जास्त आली तर ती जास्त पाळी. आणि आकडे न मोजताही कळणाऱ्या खुणा आहेत: तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी, सात दिवसांहून जास्त जाणं, रात्री उठून बदलावं लागणं, जिना चढताना धाप.

धाप लागते ती लोह कमी पडल्यामुळे. १ मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ८० मिली गेलं की ४० मिलिग्रॅम गेलं. जेवणातून शरीरात शोषलं जातं दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम. दरमहा १२० मिली रक्त जाणाऱ्या बाईचा हा ताळेबंद बीट खाऊन जुळत नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. गोळी लागतेच. ती लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर. संडास काळी होते, ते अपेक्षितच आहे.

कप जास्त जाण्यावर औषध नाही, हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगावं लागतं. कारणं अनेक असतात: फायब्रॉइड, पॉलिप (अस्तराचा वाढलेला कोंब), पिशवीच्या भिंतीत अस्तर शिरणं, थायरॉइड, पीसीओएस (हॉर्मोनचा बिघाड), तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. पहिल्या पाळीपासूनच जास्त जाणाऱ्या मुलीच्या नाकातून रक्त येत असेल, दात काढल्यावर थांबत नसेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष तपासायलाच हवा. साधारण तपासण्या म्हणजे सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), गरोदर नसल्याची खात्री आणि सोनोग्राफी. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासतात. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीतही ही सुरुवात करता येते, खासगीतच गेलं पाहिजे असं नाही. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून फेरिटिन टाळू नका, साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन मागून उतरतं.

उपायांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड डॉक्टर सर्रास देतात: ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत, चार-पाच दिवसांच्या वर नाही. रक्त साधारण ४० ते ५० टक्के कमी होतं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल त्यांना ती चालत नाही, म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवर आणू नये. मेफेनॅमिक ॲसिड दुखणं आणि रक्त दोन्ही कमी करतं, रक्त जरा कमीच. लिव्होनॉरजेस्ट्रेलची हॉर्मोनची तांबी, ५२ मिलिग्रॅमची, रक्त ९० टक्क्यांपर्यंत उतरवते, पण पहिले तीन ते सहा महिने थेंब-थेंब जात राहतं आणि तिथेच बायका कंटाळून काढून टाकतात. ते आधी सांगितलं गेलं तर बऱ्याच जणी टिकतील. या सगळ्यांत कपचा उपयोग पुन्हा रेघांचाच. औषधाआधीच्या दोन पाळ्या आणि नंतरच्या दोन, असे आकडे समोर असले की गोळी लागू पडतेय की नाही हे अंदाजानं ठरवावं लागत नाही.

सिंहस्थ जवळ आलाय, त्यामुळे पाळी पुढे ढकलायच्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांची विक्री वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्याही चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, गुठळीचा इतिहास, लिव्हरचा त्रास, स्तनाचा कर्करोग यात तर नाहीच. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मुळातच जास्त जाणाऱ्यांनी तेव्हाचं सामान आधी आणून ठेवावं, कारण तेव्हा गावात गर्दी आणि संडासापुढे रांग असणार.

कप असो-नसो, पॅड तासाला एक याप्रमाणे दोन-तीन तास भिजत राहिलं आणि चक्कर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर मोजत बसू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थोडंही रक्त दिसलं तरी दाखवायचंच.

घेताना एवढं बघा. मिलीच्या रेघा कपवर कोरलेल्या हव्यात, छापलेल्या उडून जातात. देठ भरीव हवा, पोकळ नळीत घाण साचते. काठावर आणि बुडाला जोडाची धार बोटाला लागत असेल तर तो कप नको. गोळे कॉलनीच्या होलसेल बाजारात औषधं स्वस्त पडतात हे खरं, पण कप तिथे चौकशी करूनच, एखाद्या मेडिकलवाल्याकडून मागवून घेतलेला बरा. उघडलेला कप कुठेही परत घेत नाहीत, ऑनलाइनसुद्धा, त्यामुळे बोटानं उंची मोजायचं काम खरेदीच्या आधीचं. आणि वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देणाऱ्या दुकानदाराला ‘खोकं दाखवा, लांबी वाचायचीय’ म्हणायला लाजू नका.

नीट वापरला तर कप काही वर्षं जातो. रंग पिवळसर पडला, डाग राहिले, एवढ्यानं तो खराब होत नाही. पृष्ठभाग चिकट किंवा भुकटीसारखा लागला, काठाला चीर गेली, भोकाजवळ फाटला किंवा उकळूनही वास राहिला तर बदलायचा. नवा घेतल्यावर परत सिरिंजनं पाणी भरून भोकापर्यंतचे मिली मोजा, जुन्या कपचा आकडा नव्याला लागू होत नाही.